भिंतीपलीकडचं पोतं

देवास हे दोन भावांचं गाव. अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी पवार हे दोघे भाऊ पेशव्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आले आणि इथं स्थिरावले. पुढं वाटण्या झाल्या. एकाच गावात दोन राजे, दोन वाडे, थोरली पाती आणि धाकटी पाती. 1948 साली दोन्ही गाद्या मध्य भारतात विलीन झाल्या, तोवर हे असंच चाललं. टेकडीवर देवीसुद्धा दोन आहेत, मोठी माता आणि छोटी माता. दोघी बहिणी. त्यांचंही एकदा भांडण झालं होतं, असं गावातले लोक सांगतात. अशा गावात दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, तर त्याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही.

त्यांचे वडील टांगा हाकत. स्टेशनापासून टेकडीच्या पायथ्यापर्यंत यात्रेकरूंना नेत आणि आणत. घरात मराठी, रस्त्यावर माळवी. वडील गेले आणि वाटणी झाली. थोरल्याकडं घोडी आणि पुढचा तबेला आला, धाकट्याकडं मागचं परस. वाटणीच्या दिवशी नळावरून आणि एका भिंतीवरून मोठं भांडण झालं. बोलू नये ते दोघेही बोलले. दुसऱ्या दिवसापासून दोघेही गप्प झाले.

त्यानंतर भांडण असं कधी झालं नाही. दिवाळीला फराळाची ताटं इकडून तिकडं गेली. जावा एकमेकींना हाका मारत राहिल्या. भाऊ मात्र भावाशी बोलला नाही. शेजारी म्हणाले, "चला, मिटलं एकदाचं."

रस्त्यावर रिक्षा आल्या तेव्हा थोरल्यानं टांगा विकला आणि घोडी लग्नाच्या वरातींना लावली. पांढरी, शांत, ढोल-ताशाला न बुजणारी घोडी. इंदूरपर्यंत तिचं नाव होतं. धाकट्यानं परसात शेड घातली आणि ब्रॉयलर कोंबड्या पाळल्या. दोघांच्या मधे एक कमरेएवढी भिंत होती आणि त्या भिंतीला टेकून धाकट्याची खाद्याची पोती रचलेली असत.

त्या वर्षी देवउठनी ग्यारस जवळ आली होती. लग्नसराई तोंडावर होती. एका रात्री घोडीचा दोर सुटला. ती भिंतीपाशी गेली, मान पलीकडं घातली आणि एक पोतं दातांनी फाडलं. मका, सोयाबीनची पेंड, वरून गूळपाण्यासारखा वास. तिनं पोटभर खाल्लं आणि पहाटे आपली आपण तबेल्यात येऊन उभी राहिली.

धाकट्याला सकाळी फाटलेलं पोतं दिसलं. भिंतीपलीकडं खुरांचे ठसे दिसले. त्याच्या मनात आलं, आता हे सांगायला गेलं तर पोत्याचे पैसे मागतोय असं वाटेल. शब्दाला शब्द लागेल. मका खाऊन कुठं घोडं मेलंय? त्यानं सुतळी घेतली, पोतं शिवलं आणि गप्प बसला.

संध्याकाळपर्यंत घोडीनं चारा सोडला. अंगाला दरदरून घाम सुटला. मागचे पाय थरथरू लागले. दुसऱ्या दिवशी ती खाली बसली आणि उठेना. लघवी गडद, तांबूस झाली. थोरल्यानं म्हाताऱ्या डॉक्टरांना बोलावलं. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1955 साली निघालं, तिथं शिकलेले हे डॉक्टर आता नोकरीतून निवृत्त झाले होते. पण या दोघांच्या वडिलांच्या घोड्यांनाही त्यांनीच औषधं दिली होती, म्हणून ते आले.

डॉक्टरांनी घोडीच्या जबड्याखाली दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडं पाहिलं. निवांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला तीस-चाळीस ठोक्यांची असते. हिची ऐंशीच्या पुढं होती आणि मधेच अडखळत होती.

"काय खाल्लं हिनं?"

"रोजचंच, डॉक्टरसाहेब. कडबा, हरभरा."

"आणखी काही? आठवून सांग."

"आणखी काही नाही."

भिंतीपलीकडं धाकटा कोंबड्यांना पाणी घालत होता. त्यानं सगळं ऐकलं. पाण्याचा डबा भरून वाहू लागला तरी तो तिथंच उभा राहिला.

त्या रात्री त्याला झोप आली नाही. त्याची बायकोही जागीच होती. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही जाता, का मी जाऊ?"

पहाटे धाकटा तबेल्यात आला. कित्येक वर्षांनी त्यानं त्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला होता. त्याच्या हातात पोत्याला शिवलेली चिठ्ठी होती. तो म्हणाला, "दादा, घोडीनं माझं पोतं फाडलं होतं. मी बोललो नाही."

थोरल्यानं त्याच्याकडं पाहिलं. काही बोलला नाही. चिठ्ठी घेतली आणि डॉक्टरांना फोन लावला.

चिठ्ठीवर सगळ्यात खाली, बारीक इंग्रजी अक्षरांत, हे खाद्य घोड्यांच्या तोंडी लागू देऊ नये असं छापलेलं होतं. कोंबड्यांना रक्ती हगवण होऊ नये म्हणून खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं होतं. मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं हे औषध 1971 पासून कोंबड्यांना देतात. लाखो कोंबड्या त्यावर सुखानं वाढतात. घोड्याला मात्र ते विष आहे. कोंबडी मरायला वजनाच्या किलोमागं सुमारे 200 मिलिग्रॅम लागतं, घोड्याला दोन-तीन मिलिग्रॅम पुरतं. घोड्याच्या शरीरातून ते लवकर बाहेर पडत नाही. ते पेशींच्या आत क्षार घुसवतं आणि स्नायू मरतात, त्यात सगळ्यात आधी हृदयाचा.

"पोतं किती कमी झालं होतं?" डॉक्टरांनी आल्याआल्या विचारलं.

"पाचेक किलो असेल."

डॉक्टरांनी त्याच चिठ्ठीच्या पाठीवर हिशेब केला. टनाला 120 ग्रॅम औषध, म्हणजे पाच किलोत 600 मिलिग्रॅम. घोडी तीनशे किलोची. किलोमागं दोन.

"काठावर आहे," ते म्हणाले. "याला उतारा नाही. नळीनं कोळशाची पूड देऊ, सलाइन लावू. उशीर झालाय, पण देऊ. आणि हिला हलवायचं नाही. एक पाऊलसुद्धा नाही."

कालच कळलं असतं तर, असं ते बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

चौथ्या दिवशी घोडी उभी राहिली. पाचव्या दिवशी तिनं हिरवा घास खाल्ला आणि थोरल्याच्या खांद्याला नाक घासलं. थोरल्याच्या बायकोनं मोठ्या मातेला नारळ वाहिला. घोडी बरी झाली, असं गल्लीभर झालं.

तीन दिवसांवर धारची वरात होती. थोरल्यानं विसार घेतला होता. देवासहून धार शंभरेक किलोमीटर. घोडी गाडीतून न्यायची, मग धारच्या रस्त्यांतून तीन तास मिरवायची. तो खोगीर पुसायला बसला.

डॉक्टर आले, खोगीर पाहिलं आणि म्हणाले, "थांब. आधी रक्त बघू."

"रक्त तर दुसऱ्या दिवशीच घेतलं होतं ना, साहेब?"

"ते सीपीके आणि एसजीओटी होतं. दोन्ही वाढलेली आली. पण घोडी दिवसभर आडवी होती, पायांचे स्नायूही दुखावलेले होते. कुठलाही स्नायू दुखावला की ती वाढतात. पाय बोलतोय का काळीज बोलतंय, ते त्यातनं नीट कळत नाही. आता ट्रोपोनिन बघायचं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. हृदयाच्या स्नायूत ट्रोपोनिन आय नावाचं एक प्रथिन असतं. त्याची हृदयातली जात पायांच्या स्नायूंतल्या जातीहून वेगळी असते, आणि तपासणी हृदयातलीच जात ओळखते. पेशी शाबूत आहे तोवर ते आतच राहतं, निरोगी जनावराच्या रक्तात ते सापडत नाही म्हटलं तरी चालेल. पेशी फुटली की ते रक्तात उतरतं. मडक्याला तडा गेला की तो डोळ्यांना दिसायच्या आधी खालची जमीन ओली होते, तसं. छातीत दुखतंय म्हणून माणूस दवाखान्यात गेला की हीच तपासणी करतात. युरोप-अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी 2000 साली माणसाच्या हार्ट अटॅकची व्याख्याच हिच्या आधारानं नव्यानं मांडली. आणि माणसाचं हे प्रथिन, घोड्याचं, कुत्र्याचं, गाईचं, सगळ्यांचं जवळजवळ सारखं असतं. लाळ्या-खुरकुतात लहान वासरं तोंडाला फोड यायच्या आत उभ्याउभ्या मरतात, ती हृदय गेल्यानं. तार गिळलेल्या गाईची तार हृदयाशी पोचते. तिथंही हेच रक्तात सापडतं.

"मग माणसांच्या लॅबमध्येच देऊ," थोरला म्हणाला.

"देऊ. पण मशीन माणसांसाठी बनवलेलं आहे. घोड्याचा आकडा ते दाखवेल, पण किती म्हणजे जास्त हे सांगणार नाही. म्हणून सोबत एका निरोगी घोडीचं रक्त हवं. त्याच दिवशी, त्याच मशीनवर. मग दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघायचे."

गावात लग्नाची घोडी असलेला आणखी एकच जण होता. दर पाडून थोरल्याची गिऱ्हाइकं पळवायचा. थोरला त्याच्याकडं जायला तयार होईना. तेव्हा धाकटा गेला. काय बोलला कुणास ठाऊक, अर्ध्या तासात तो घोडीवाला आपली घोडी घेऊन दारात हजर झाला. "सुई टोचायचीय ना? टोचा. मला चहा पाजा," म्हणाला.

दोन्ही घोड्यांच्या मानेच्या शिरेतून रक्त काढलं. धाकट्यानं बर्फाचा डबा मोटारसायकलला बांधला आणि तो इंदूरला घेऊन गेला.

रिपोर्ट आला. निरोगी घोडीच्या रक्तात मशीनला मोजण्यासारखं काही सापडलं नव्हतं. दुसऱ्या रिपोर्टावर आकडा होता, आणि तो लहान नव्हता. हिरवा घास खाणाऱ्या, खांद्याला नाक घासणाऱ्या त्या घोडीचं हृदय आत अजून फुटत होतं.

थोरल्यानं खोगीर खुंटीला टांगलं. विसार परत करायला निघाला, तर तो घोडीवाला म्हणाला, "परत कशाला? माझी घोडी ने. पैसे नंतर बघू." दिला शब्द राहावा म्हणून थोरला स्वतः तिच्यासोबत धारला गेला. तिथं मुलाच्या काकांनी विचारलं, "ठरवलेली घोडी ही नव्हे?" त्यानं खरं ते सांगितलं. काका म्हणाले, "बरं केलंत. घोडीवर नवरदेव बसणार, त्याच्यापुढं आमचा सहा वर्षांचा नातू बसणार." आजवर त्या घोडीवर किती पोरं बसली असतील हे थोरल्याला तोवर सुचलंच नव्हतं. परतीच्या वाटेवर तो गाडीत गप्प होता.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा रक्त घेतलं. या वेळी रिपोर्ट स्वच्छ आला. दोन्ही घोड्यांचे आकडे सारखे. थोरला रिपोर्ट घेऊन नाचायचाच बाकी होता. सराईतली निम्मी लग्नं अजून उरली होती.

डॉक्टर चहा पीत होते. कप खाली ठेवून ते म्हणाले, "याचा अर्थ आता नवीन काही फुटत नाहीये. एवढाच."

"म्हणजे बरी झाली ना, साहेब?"

"जखम ताजी असते तोवरच ते रक्तात दिसतं. घोड्याच्या रक्तातून तर फार पटकन निघून जातं. म्हणून रक्त लगेच गप्प होतं. पण हृदयाच्या मेलेल्या पेशी परत उगवत नाहीत बाबा. तिथं व्रण राहतो, आणि व्रण रक्तात काही सोडत नाही. अशी घोडी महिनोन्‌महिने ठणठणीत दिसते. मग एक दिवस पळवली की जागेवर कोसळते. हे पूर्वी पुष्कळ ठिकाणी झालंय."

"मग कळायचं कसं?"

"तिला थोडं चालवायचं, पळवायचं, आणि तेव्हा ऐकायचं."

इंदूरहून एक तरुण डॉक्टर सोनोग्राफीचं मशीन घेऊन आला. घोडीच्या डाव्या कोपराच्या मागचे केस भादरले आणि पडद्यावर हृदय पाहिलं. भिंतीचा एक भाग बाकीच्यांबरोबर आकसत नव्हता, मागं राहत होता. मग लांब दोरावर तिला दुडक्या चालीनं दहा फेऱ्या दिल्या. उभी असताना नीट चालणारे ठोके फेऱ्यांनंतर अडखळले. म्हाताऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, सहा महिने पूर्ण विश्रांती. मग पुन्हा बघू. तोवर पाठीवर कुणीही नको, पोरसुद्धा नको.

थोरल्याची सराई गेली. त्यानं कुरकुर केली नाही, पण संध्याकाळी तो तबेल्याच्या पायरीवर नुसता बसून राही. एके दिवशी धाकटा आला आणि पायरीवर पाकीट ठेवलं. कोंबड्यांची एक बॅच विकून आलेले पैसे होते.

"दादा, निम्मं नुकसान माझं."

"नको."

"पोतं माझं होतं."

"घोडी माझी होती. दोर मी बांधला होता."

"पण मी दोन दिवस गप्प राहिलो."

थोरला बराच वेळ पाकिटाकडं बघत बसला. मग म्हणाला, "दोन दिवसांचं काय घेऊन बसलास?"

गोष्ट सांगणारे इथं क्षणभर थांबतात. रक्ताची तपासणी मोठी कामाची खरी. ती नसती तर त्या घोडीवर नवरदेव चढलाच असता. पण तिच्याकडून दुसरंही शिकायचं असतं, ते लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. जखम झाली की रक्त काही दिवस साक्ष देतं, नंतर तेही शांत होतं, आणि त्या शांततेला आपण बरं होणं समजतो. शहाणा वैद्य तिथं समाधान मानत नाही. तो जनावराला थोडे कष्ट देतो आणि कान लावतो. माणसांच्या बाबतीत एवढी तसदी कोण घेतं? भांडण ऐकू येईनासं झालं की गल्लीला हायसं वाटतं.

तर त्या संध्याकाळी पायरीवरून आवाज चढू लागले. आधी नळ निघाला. मग ती भिंत. मग वडिलांच्या शेवटच्या आजारपणात इंदूरच्या दवाखान्याचे पैसे कुणी भरले आणि कुणी भरले म्हणून सांगितलं, ते निघालं. थोरला ओरडला, धाकटा त्याच्यावर ओरडला. धाकटा रडलासुद्धा. जावा चुलीवरचं तसंच टाकून धावत आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. थोरली धाकटीला म्हणाली, "मधे पडू नकोस. होऊ दे."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. खाद्यासाठी परसाच्या दुसऱ्या टोकाला दाराची, कडी-कोयंड्याची खोली बांधायचं ठरलं होतं. खर्च निम्मा निम्मा. आणि मधल्या भिंतीत येण्याजाण्यापुरती वाट पाडायची होती. वाट नळाच्या बाजूनं पाडायची का तबेल्याच्या, यावरून दोघांचं पुन्हा जुंपलं. गवंडी घमेलं उपडं घालून त्यावर बसून राहिला.

शेजारच्या म्हातारीनं खिडकीतून डोकावून पाहिलं आणि सुनेला म्हणाली, "बघ बाई, इतकी वर्षं किती गुण्यागोविंदानं राहत होते. कुणाची नजर लागली कुणास ठाऊक."